जसं लिहिलंय तसं

पवित्र शास्त्राचा अर्थ न लावता ते जसंच्या तसं अंगाला लावून घेणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका सासरा म्हणून माझ्या वाट्याला यावा यात देवाचा काहीतरी हेतू असणार, असं मी लग्न झाल्यापासून स्वतःला समजावत आलो आहे. मी इंदापुरातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक. रविवारी उपासना घ्यायची, वचन वाचायचं आणि त्याचा अर्थ लोकांना उलगडून सांगायचा, हे माझं काम. आणि समोर बाकावर, बोटांत बोटं गुंफून, माझ्याकडे एकटक बघत माझे सासरे बसलेले असतात. वचन वाचून होईपर्यंत त्यांचा चेहरा प्रसन्न असतो. मी पुस्तक मिटून "याचा अर्थ असा की" म्हणालो, की तो चेहरा असा काही होतो की मी पुढची दोन वाक्यं गाळून टाकतो. उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना ते न चुकता म्हणतात, "वाचन ब्येस झालं, पाळकसाहेब." प्रवचनाबद्दल आजवर एक शब्द बोललेले नाहीत.

ह्याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे असं माझं मत आहे. वालचंदनगरच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. तिथं भोक बरोबर पडलंय की नाही हे बघायला दोन टोकांचं एक माप असतं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. त्यात इकडचं तिकडं झालं की माल नापास. समोरचा कामगार कितीही गयावया करो, "आबा, एवढंसंच हाय, रंग दिल्यावर कुणाला कळतंय" म्हणो, हे माप फडक्यानं पुसत आणि पुढचा तुकडा उचलत. निवृत्तीनंतर पळसदेवला थोडी जमीन घेऊन त्यांनी पेरूची बाग लावली आणि कारखान्यातल्या मापाच्या जागी शास्त्र घेऊन सगळी सृष्टी तपासायला सुरुवात केली. मी एकदा धीर करून म्हणालो, "मामा, शास्त्र म्हणजे काही ते भोकाचं माप नव्हे. त्यात काव्य आहे, दाखले आहेत, त्या काळच्या चालीरीती आहेत." आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. त्यांनी नीट ऐकून घेतलं. ते सगळ्यांचंच नीट ऐकून घेतात, कारण ऐकायला तत्पर असावं असं लिहिलेलं आहे. मग म्हणाले, "काव्य असंल तितं मी गप बसतो. पण जितं 'कर' म्हटलंय, तितं काव्य न्हाय, जावईबापू." उपासनेत पाळकसाहेब आणि घरात जावईबापू, यात त्यांची कधी गल्लत होत नाही.

मी मुलगी बघायला गेलो तेव्हाच खरं तर सावध व्हायला हवं होतं. कारखान्याच्या कॉलनीतल्या त्या दीड खोलीच्या क्वार्टरमध्ये पोहे आले, चहा आला, माझ्या शिक्षणाची चौकशी झाली, आणि मग मामांनी अचानक विचारलं, "शर्ट किती हायत तुमच्याकडं?" मला वाटलं, मुलगी द्यायची म्हणजे घरची परिस्थिती बघत असतील. मी जरा फुगवूनच सांगितलं की सात-आठ तरी असतील. सासूबाईंनी पदर सावरला. मामा हळू आवाजात म्हणाले, "दोन असतील तर ज्याच्याकडं न्हाय त्याला एक द्यावा, असं लिवलंय." मी नुकताच शिकून आलेला, उत्साही. त्या वचनामागची भावना, त्या काळचा समाज, दातृत्वाची वृत्ती असं बरंच काही बोललो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "म्हंजे आठ हायत." लग्न ठरलं ते माझ्या बायकोमुळे, मार्थामुळे. ती आत जाऊन म्हणाली म्हणे, की शर्टांचं मी बघून घेते. तिनं खरंच बघितलं. माझ्याकडे आज कपाटात किती शर्ट आहेत हे मी सासुरवाडीत कधी सांगत नाही.

प्रार्थना खोलीत जाऊन, दार लावून, गुप्तपणे करावी असं लिहिलेलं आहे. आता पळसदेवच्या घराला खोल्या दोन, आणि दार नीट लागतं असं ठिकाण एकच, ते म्हणजे कांदे-लसूण ठेवायची कोठी. त्यामुळं मामा रोज पहाटे कोठीत जातात आणि डोळे लाल करून बाहेर येतात. नव्या माणसानं बघितलं तर त्याला वाटतं, काय भक्ती आहे, रडून रडून प्रार्थना करतो. सासूबाई कोणाचाही गैरसमज दूर करायला जात नाहीत. प्रार्थनेत फार बडबड करू नये असंही लिहिलेलं आहे, आणि ह्या वचनाचा फटका थेट मला बसतो. माझी प्रार्थना त्यांच्या मते पुरेशी झाली की मामा मध्येच खणखणीत आवाजात "आमेन" म्हणतात. मंडळी बिचारी सवयीची. मामांच्या मागोमाग सगळेच "आमेन" म्हणून डोळे उघडतात, पोरं चपला शोधायला लागतात, आणि मी आजारी लोकांपर्यंत पोचलेलोच नसतो.

शपथ वाहू नये, होय तर होय आणि नाही तर नाही म्हणावं, हे तर त्यांच्या हाडात इतकं मुरलंय की बाजारात कोणी आईची शपथ घेतली तर ते वांगी परत टोपलीत ठेवून पुढं जातात. एकदा पेन्शनच्या कसल्याशा कामासाठी मी त्यांना इंदापूरच्या तहसील कचेरीत घेऊन गेलो. आपण हयात आहोत हे त्यांनी शपथेवर सांगायचं होतं. मामा म्हणाले, "शपथ न्हाय घेणार. मी हाय." कारकून म्हणाला, "आबा, तुम्ही आहात ते दिसतंय हो, पण शपथेवर आहात का?" मामा म्हणाले, "दिसतंय न्हवं? मंग झालं." हे संभाषण फिरून फिरून तिथंच येत राहिलं. मागं रांग वाढली. शेवटी एका वयस्कर वकिलांनी मध्ये पडून सांगितलं की शपथ न घेता नुसतं खरं सांगतो म्हणायचीही सोय कायद्यात आहे. मामांनी त्यांच्याकडं असं बघितलं, जणू म्हणत होते, कायदा लिहिणाऱ्यांत कोणीतरी शास्त्र वाचणारा आहे म्हणायचा.

पण ह्या सगळ्यावर कडी केली ती पेरूंनी. नवीन झाड लावलं तर पहिली तीन वर्षं त्याचं फळ खाऊ नये, चौथ्या वर्षीचं सगळं देवाला द्यावं आणि पाचव्या वर्षापासून आपण खावं, असं शास्त्राच्या पहिल्या भागात, जुन्या करारात, कुठंतरी कोपऱ्यात आहे. मी पाळक असूनही मला ते शोधावं लागलं. मामांना शोधावं लागलं नाही. पहिली तीन वर्षं बाग पेरूंनी लगडायची आणि घरात एक फोड चिरली जायची नाही. पाखरं मात्र मनसोक्त खायची, कारण पाखरांबद्दल काही लिहिलेलं नाही. शेजारचे लोक येऊन बघून जायचे. कोणी म्हणायचं औषधाचा काही घोळ असेल, कोणी म्हणायचं म्हातारा बिघडला. आणि चौथ्या वर्षी, एका रविवारी, मी ऐन प्रवचनात असताना चर्चच्या दाराशी एक टेम्पो गाणं वाजवत उलटा उलटा आला. बागेतला सगळा पेरू त्यात होता. मामा उतरले आणि म्हणाले, "देवाचं हाय. उतरून घ्या." मी म्हणालो, मामा, बाजारात पाठवू, येईल ते दानपेटीत घालू. "पेरू द्यायचं लिवलंय," ते म्हणाले आणि टेम्पोवाल्याला मागचा फाळका सोडायला लावला. पुढचे कितीतरी दिवस आमच्या उपासनेला पेरूचा वास येत होता. बायकांनी जेली केली, भाजी केली, कोशिंबीर केली. शेजारच्या आळीतल्या बुद्धविहारात, पलीकडच्या मारुतीच्या देवळात, एसटी स्टँडवरच्या कंडक्टरांना, जो दिसेल त्याला आम्ही पेरू दिले. लोक मला रस्त्यात बघून गल्ली बदलायला लागले. आजही पेरू समोर आला की मी ताटली पुढं सरकवतो.

सासूबाईंना ह्या सगळ्या नियमांतला एकच मनापासून आवडतो. सूर्य मावळायच्या आत राग सोडावा, असं लिहिलेलं आहे. मामा मूळचे तापट, पण रागाला मुदत ठरलेली. भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ छापलेली असते, ती बघून ते भांडतात. त्यामुळं त्यांची भांडणं हिवाळ्यात आखूड आणि उन्हाळ्यात लांब. कोणी उशिरा कुरापत काढायला आलाच तर त्याला सांगतात, "आता येळ न्हाय. उद्या सकाळी या." एकदा पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या वस्तीवरच्या माणसाशी कडाक्याचं वाजलं. दिवस कलायला आला तसे मामा लुना काढून त्याच्याकडं निघाले. तो उसात गुडघाभर पाण्यात उभा. मामांनी बांधावरूनच हाळी दिली, "माझा राग गेला हाय." तो म्हणाला, "माझा न्हाय गेला." मामा म्हणाले, "तुजं तू बघ," आणि लुना वळवून घरी आले. सासूबाईंनी ही मुदत अशी काही ओळखली आहे, की घरातला कुठलाही अवघड विषय त्या दुपारच्या चहानंतरच काढतात. दोन तास आरडाओरडा, मग दिवेलागणीला सगळं शांत आणि काम झालेलं. मार्थाचं शिक्षण, घराचा पत्रा, देवळालीच्या भाच्याचं लग्न, सगळं त्यांनी याच वेळात तडीस नेलं.

सलोमीचा विषयही त्यांनी असाच चहानंतर काढला. सलोमी ही माझी धाकटी मेहुणी, मामांचं शेंडेफळ. बारामतीला माती आणि पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथंच तिच्याबरोबर काम करणारा सुमेध, त्याच्याशी तिला लग्न करायचं होतं. मुलगा शांत, शिकलेला, घर बारामतीतलं, वडील निवृत्त मुख्याध्यापक. घरी आजोबांपासून बौद्ध. सासूबाईंनी सगळं सांगितलं आणि आरडाओरड्याची वाट बघत बसल्या. मामा ओरडलेच नाहीत. उठून शास्त्र आणलं, पान काढलं आणि विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर एका जुवाखाली जाऊ नये असं जिथं लिहिलंय, तिथं बोट ठेवून पुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं. "लिवलंय," म्हणाले. त्या दिवशी सूर्य मावळून गेला तरी घरात कोणी बोललं नाही, आणि सासूबाई पहिल्यांदा घाबरल्या. रागावलेला नवरा त्यांना हाताळता येत होता. हा रागावलेलाच नव्हता.

मग घरच्या बायकांनी ठरवलं की आता अर्थ लावणाऱ्या माणसाला पाठवावं. वर्षानुवर्षं ज्या माझ्या विद्येला सासुरवाडीत कोणी विचारलं नव्हतं, तिची आता गरज पडली. सलोमीनं बारामतीहून फोन केला. "भावजी, आबा आले नाहीत तर मी लग्न करीन. पण मग ते लग्न झाल्यासारखं मला कधी वाटणार नाही." ही पोरगी लहानपणी मामांच्या मांडीवर बसून वचनं पाठ म्हणायची. तिला दुसरा बाप नको होता, हाच लग्नाला हवा होता. मी चांगली तयारी केली. ते वचन ज्या पत्रात आहे ते कोणत्या मंडळीला लिहिलं, तिथली भांडणं काय होती, त्या सगळ्या प्रकरणात लग्नाचा शब्द कसा नाही, उलट विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराबरोबर सुखानं नांदावं असं दुसरीकडं कसं म्हटलंय, सगळं टिपून पळसदेवला गेलो. मला अजूनही वाटतं, की मी जे सांगितलं ते बरोबरच होतं.

मामा पेरूच्या छाटणीत होते. कात्री बाजूला ठेवून त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "दुसऱ्या कुणाची पोरगी असती तर तुमी ह्योच अर्थ काढला असता?" मी म्हणालो, "हाच." ते म्हणाले, "तुमी काढला असता, खरं हाय. तुमी सगळ्यांसाठी काढता. मी न्हाय काढला." मग त्यांनी मला कारखान्यातल्या एका जोडीदाराची गोष्ट सांगितली, जी घरात कोणालाच माहीत नव्हती. त्याच्या मुलीनं असंच बाहेर लग्न केलं होतं. तो मामांकडं आला आणि म्हणाला, तू शास्त्र वाचतोस, सांग, जाऊ का मी पोरीकडं? "मी त्याला हेच पान काढून दावलं," मामा म्हणाले. "त्यो गेला न्हाय. म्येला तवा पोरगी बी आली न्हाय. आन आता माझ्या पोरीची पाळी आली की त्याच पानाचा अर्थ येगळा व्हय?" मी माझं टिपण घडी करून खिशात ठेवलं. त्यांनी कात्री उचलली आणि पुढच्या झाडाकडं गेले.

त्यानंतर सुमेधचे वडील स्वतःच भेटायला आले. उन्हाळ्याचे दिवस होते, धरणाचं पाणी पार आत गेलेलं, एरवी धरणात बुडालेलं जुनं देऊळ कळसापासून पायथ्यापर्यंत उघडं पडलेलं. देऊळ बघायला आलेल्यांच्या गाड्यांतून वाट काढत ते बागेपर्यंत पोचले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं वर्गात बोलल्यासारखं मोजकं. मी मध्यस्थ म्हणून हजर होतो, पण दोघांनीही माझ्याकडं फारसं लक्ष दिलं नाही. ते म्हणाले, "मुलीनं काहीही सोडायचं नाही, आम्ही काही सोडणार नाही. कचेरीत सही, संध्याकाळी जेवण. एवढंच सांगायला आलो." मामांनी त्यांना पान काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते सबंध वाचलं. मला वाटलं आता वाद होणार. ते म्हणाले, "स्पष्ट आहे." मामांना इतकं बरं वाटलेलं मी क्वचित पाहिलं आहे.

मग ते म्हणाले, "आमच्या वडलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीला सोडायचे होते. त्यांनी सगळे सोडले. आईच्या माहेरचा एक चांदीचा टाक होता. ती म्हणाली, पूजा नाही करत, नुसता डब्यात राहू दे, आईची आठवण आहे. वडलांनी तोही सोडला. देव पुजायचे नाहीत म्हणजे नाहीत, त्यात डबा कुठं आला?" मामा म्हणाले, "बराबर हाय त्यांचं." "बरोबरच होतं," सुमेधचे वडील म्हणाले. "आम्हा पोरांना आजही ते बरोबरच वाटतं. पण आई त्यानंतर वडलांशी कामापुरतंच बोलली. शेवटपर्यंत." सासूबाईंनी पेरू चिरून, तिखट-मीठ लावून आणले. त्या दोघांनी ताटली संपवली. मी नको म्हणालो.

लग्नाच्या दिवशी सकाळी मामांनी आम्हाला गाडीत बसवून दिलं. सासूबाईंचा पदर दारात अडकला होता तो सोडवला, सलोमीसाठी पेरूची पिशवी दिली आणि म्हणाले, "मी येत न्हाय. राग न्हाय म्हणून सांगा." मार्था रस्ताभर रडत होती. बारामतीत सही झाली. संध्याकाळी कार्यालयात जेवणाच्या पंगती सुरू झाल्या, माईकवर पाहुण्यांची नावं पुकारून फेटे बांधणं चाललं होतं. सलोमी सगळ्यांशी हसून बोलत होती, पण जरा कुठं गडबड झाली की दाराकडं बघायची. सासूबाई तिच्या शेजारी नुसत्या बसून होत्या. आणि मग मामा आले. पळसदेवहून भिगवण, भिगवणहून बारामती अशा बस बदलत आले होते. अंगात कारखान्याच्या निरोप समारंभाचा सफारी, चपला धुळीनं भरलेल्या. माईकवाल्यानं वधूपिते म्हणून पुकारलं, फेटेवाला धावला, त्याला हातानंच थांबवून ते सरळ वर गेले. सलोमी उठली. तिनं त्यांच्या सफारीची वाकडी कॉलर सरळ केली आणि मग तिथंच, सगळ्यांच्या देखत, दोघंही रडायला लागले. सुमेधच्या वडलांनी आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः जेवण संपेपर्यंत मागं उभे राहिले. मी चष्मा पुसायला बाहेर गेलो ते मार्थानं पाहिलं, आणि ती मला त्यावरून अजून चिडवते.

परतताना मामा माझ्या शेजारी बसले होते. मागं बायका झोपून गेल्या होत्या. माझ्या आनंदाला पारावार नव्हता. इतक्या वर्षांनी शेवटी त्यांनीही अर्थ लावला होता. मी तसं म्हणालोही. मामा म्हणाले, "न्हाय. त्याचा अर्थ हाय त्योच हाय. मी मोडलं." मी म्हणालो, अहो, पण राग सोडावा, समेट करावा, हेही लिहिलंच आहे की, तुम्ही ते पाळलंत. ते म्हणाले, "राग नव्हताच. उगं त्याच्याआड लपायचं कशाला?" मी आणखी एक-दोन वाटा दाखवल्या. मग मामा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "जावईबापू, तुमी चांगलं सांगताय. पण तुमचं ऐकून गेलो असतो तर माझं त्यात काय गेलं असतं? पोरीसाठी कायतरी जाऊ द्या की."

हे इथंच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाचा, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्या मंडळीनं भाकर वाटून खायचा, रविवार आला. भाकरीचं ताट घेऊन मी बाकावरून बाकावर जात मामांपर्यंत पोचलो, तर त्यांनी हात पुढं केला नाही. उपासनेनंतर मी त्यांना गाठलं. ही भाकर अयोग्य रीतीनं खाऊ नये असं लिहिलंय, ते म्हणाले. मी म्हणालो, क्षमाही लिहिली आहे, मामा. "हाय की," ते म्हणाले. "पस्तावा करंल त्याला हाय. मला पस्तावा न्हाय. उद्या पुन्यांदा लगीन असलं तर पुन्यांदा जाईन." मी यावर घरी दोन वेळा वाद घातला, शास्त्रातनं घातला, मोठ्यानं घातला. मी बरोबर आहे आणि ते चूक आहेत, हे आजही मी कोणासमोरही सिद्ध करून दाखवीन. त्यांच्यासमोर मात्र मला ते जमलेलं नाही.

सलोमी आणि सुमेधला आता मुलगी झाली आहे. सुट्टीला ती दोघं पळसदेवला आली की रविवारी मामा नातीला घेऊन उपासनेला येतात. तिला वचन ऐकायला आवडतं असं ते सांगतात, आणि माझं प्रवचन सुरू झालं की ती झोपते हेही सांगतात. प्रभुभोजनाच्या रविवारी ती त्यांच्या मांडीवर असते. मी ताट घेऊन त्यांच्यापुढं येतो आणि इतरांपुढं थांबतो त्यापेक्षा जरा जास्त थांबतो. मंडळीला आता त्याची सवय झाली आहे, कोणी मान वळवून बघत नाही. पोरगी ताटाकडं हात करते. मामा तिची मूठ आपल्या मुठीत धरतात, माझ्याकडं बघून अगदी मायेनं हसतात आणि हळूच म्हणतात, "पुढं चला, पाळकसाहेब."